दोनशे बारा होकार

आजच्या या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष. गेल्या वर्षी आपल्या संस्थेला ‘उत्कृष्ट सभासद-सहभाग’ हे पारितोषिक देणारे आणि आज ते फुलदाणीशेजारी कसं शोभतं हे पाहायला आवर्जून आलेले प्रमुख पाहुणे. आपल्या नव्या कारभाराचे शिल्पकार, अध्यक्षांचे जावई. आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या सर्वांच्या ताई. समोर बसलेले आजीव सभासद, साधे सभासद, हितचिंतक. शेवटच्या रांगेमागे उभे असलेले. आणि बाहेर व्हरांड्यात कर्ण्यावरून ऐकणारे, तुम्हा सर्वांना माझा विनम्र नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘दोन शब्द’ असं छापलं आहे. मी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका शोधण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे दोन म्हणजे किती हे मला कळतं. पण आज दोनात भागणार नाही. आत्ता सहा वाजून दहा मिनिटं झाली आहेत. मला साडेसहापर्यंत बोलायचं आहे. साडेसहाच का, ते ओघात येईलच.

प्रत्येकाच्या खुर्चीवर एक बंद पाकीट ठेवलं आहे. काहींना ते आभारपत्र वाटलं असेल. उकडतंय हे मान्य आहे, पण कृपा करून त्याने वारा घेऊ नका. त्यात तुमचीच वस्तू आहे.

प्रथेप्रमाणे आधी सत्कारमूर्तींविषयी बोलतो. आपली संस्था आजाऱ्यांना लागणारं साहित्य वापरायला देते. खाटा, चाकांच्या खुर्च्या, कुबड्या, हवेच्या गाद्या. काम झालं की परत आणायचं, धुवायचं, तेलपाणी करायचं आणि पुढच्या घरी द्यायचं. एकतीस वर्षं हे गोदाम ताईंनी सांभाळलं. त्यांच्या पिशवीत दोन वस्तू कायम असतात, शिंप्याची मोजपट्टी आणि चौदा नंबरचा पाना. अर्ज आला की ताई आधी त्या घरी जायच्या. दार मोजायच्या, जिन्याचं वळण मोजायच्या, आजारी माणसाची मांडी मोजायच्या. त्यावरून लोक त्यांना ‘टेपताई’ म्हणायचे. एका अर्जदाराने तर मला विचारलं होतं, “अहो, तुम्ही आजाऱ्यांना कपडे पण शिवून देता का?”

मी ताईंना विचारलं होतं, की अर्जात सगळं लिहिलेलं असताना तुम्ही उन्हातान्हाची पायपीट का करता? त्या म्हणाल्या, “भाऊ, अर्जात दार नसतं.”

माझ्या घरी त्या आल्या त्याला सात वर्षं झाली. माझी बायको अंथरुणाला खिळली होती. मी खाट मागितली, आतल्या खोलीसाठी. तिथे शांतता होती, उजेड कमी होता, आजाऱ्याला अजून काय हवं, असं माझं गणित. ताईंनी आतली खोली मोजली, बाहेरची मोजली आणि स्वयंपाकघराच्या दारासमोर बोट ठेवलं. म्हणाल्या, “खाट इथे लागेल.” मी म्हटलं, “अहो, इथे भांड्यांचा आवाज, येण्याजाण्याचा रस्ता.” त्या म्हणाल्या, “म्हणूनच. तुम्ही दूध उतू घालवताना वहिनींना दिसलं पाहिजे. नाहीतर त्या दिवसभर बोलतील कोणाशी?” त्यानंतर माझी बायको चौदा महिने जगली आणि त्यातला एकही दिवस मला न रागावता गेला नाही. तेवढं सुख मी तिला आतल्या अंधाऱ्या खोलीत देऊ शकलो नसतो. या बाईंचं माझ्यावर काय ऋण आहे, ते मी सांगत बसत नाही. मी ते कसं फेडलं, तेवढं आज सांगणार आहे.

पण त्याआधी न्यायाने बोललं पाहिजे. आपला जुना कारभार काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. सात जणांचं मंडळ, आणि आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय. अध्यक्षांच्या व्याह्यांकडे आपली खाट अकरा महिने होती. व्याही पहिल्या महिन्यातच बरे होऊन फिरायला जाऊ लागले होते. ताई तीनदा आणायला गेल्या, तेव्हा खाटेवर चादरी वाळत घातलेल्या होत्या. मंडळात विषय निघाला की सगळे छताकडे बघायचे. त्यात मीही होतो. अध्यक्षसाहेब, रागावू नका, इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढंच लिहिणारा चिटणीसाचा हात माझाच आहे.

मग एका मोठ्या देणगीदारांनी पत्र लिहिलं, की पारदर्शकता नसेल तर आम्ही दुसरीकडे बघतो. आणि तेव्हा अध्यक्षांचे जावई पुढे आले. जावई म्हणजे दहावा ग्रह असं आपल्याकडे म्हणतात. पण हे जावई अभ्यासू निघाले. त्यांनी आपल्याला ब्लॉकचेन समजावून सांगितली, आणि मी शपथेवर सांगतो, ती मला समजली आणि आवडली. एक वही आहे. तिची प्रत एका कपाटात नाही, शेकडो ठिकाणी आहे. कोणी एका प्रतीतलं पान फाडलं तर बाकीच्या प्रती ओरडून सांगतात की हा चोर. एकदा लिहिलेलं खोडता येत नाही. आणि कारभार सात जणांचा नाही, तीनशे चाळीस सभासदांचा. प्रत्येकाला एक मत. अर्ज मोबाईलवर येणार, अठ्ठेचाळीस तासांत सभासद होय किंवा नाही म्हणणार, साठ टक्के लोकांनी मत दिलं तर निर्णय पक्का, आणि पुढची अंमलबजावणी आपोआप. मध्ये अध्यक्ष नाही, चिटणीस नाही, व्याही नाही. मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला खोडता न येणारी वही दाखवली तर तो काय म्हणणार? मी उभा राहून अनुमोदन दिलं.

आता तुम्हाला आपल्या वार्षिक सभेची रीत ठाऊक आहे. सभा पाचला. पाच वाजता सभागृहात मी, शिपाई आणि पंखा. मग मी मोठ्याने वाचायचं, की गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब करून याच ठिकाणी पुन्हा भरवण्यात येत आहे. अर्ध्या तासाने मी, शिपाई, पंखा आणि अजून नऊ जण. त्या नवांच्या बळावर आपण एकतीस वर्षं एकमताने ठराव मंजूर केले. बाकीच्यांच्या सह्या नंतर घरोघरी जाऊन आणायच्या. कोरा कागद, खाली सही. कोणीही, कधीही, वर काय लिहिणार असं विचारलं नाही.

या यंत्रात तो अर्धा तास नव्हता. पहिले तीन आठवडे एकही कुबडी गोदामाबाहेर पडली नाही, कारण साठ टक्के म्हणजे दोनशे चार मतं, आणि येत होती तीस-चाळीस. तुम्हाला प्रत्येकाला बारा शब्दांची एक गुप्त किल्ली दिली होती. जावईबापूंनी बजावलं होतं, की हे शब्द बायकोलाही सांगू नका. बायकोला नाही सांगितले तुम्ही. मला सांगितलेत. एकामागून एक फोन आले, “चिटणीस, हे काय झंझट आहे हो? मी शब्द पाठवतो, तुम्हीच दाबत जा.” कोणी चिठ्ठीवर लिहून दिले, कोणी आमच्या जिन्यात भेटून सांगितले. एका निवृत्त न्यायाधीशांनी तर ते लेटरहेडवर टंकून, खाली सही करून पाठवले.

मी एक दोनशे पानी वही आणली. रेघा मारल्या. दोनशे बारा सभासदांचे बारा-बारा शब्द सुवाच्य अक्षरात उतरवले आणि वही माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खणात ठेवली. मित्रहो, आपल्या संस्थेच्या कारभाराचं विकेंद्रीकरण झालं ते या खणात. पूर्वी निदान सात जण होते. आता मी एकटा. आणि वर माझं नाव कुठेच नाही.

एकाची किल्ली फिरवायला अर्धा मिनिट लागतो. दोनशे बारांच्या फिरवायला पावणेदोन तास. रोज दुपारी जेवण झालं की मी बसायचो. होय, होय, होय. अंगठा दुखायला लागला तर डावा. कुंपणाने शेत खाल्लं असं म्हणता येणार नाही, कारण मी काहीच खाल्लं नाही. मी नुसता दाबत बसलो. टेबलावरचं ते काचेचं पारितोषिक याच अंगठ्याचं आहे. ‘बासष्ट टक्के सहभाग.’ दोनशे बारा भागिले तीनशे चाळीस, करून बघा. पाहुण्यांच्या मानपत्रात शब्द होते, ‘निर्णयांतील विलक्षण एकवाक्यता’. एकवाक्यता असणारच. एकच म्हातारा, जेवणानंतर.

आणि गंमत बघा. ती वही पारदर्शक आहे. कोणीही उघडून बघू शकतं. त्यात स्पष्ट दिसतं, की रोज दुपारी दोन वाजता पहिलं होय, मग बरोबर अर्ध्या मिनिटाने दुसरं, मग तिसरं. घड्याळ लावून मतदान करणारे दोनशे बारा सभासद! दीड वर्ष हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. एकानेही बघितलं नाही. आत लपवाछपवी नव्हती, बाहेर बघणारे नव्हते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. ‘विषयाला धरून बोला.’ धरूनच आहे, साहेब. विषय सत्काराचा आहे, म्हणजे सत्कार का करावा लागला याचा.

दोन महिन्यांपूर्वी ठराव क्रमांक एकसष्ट आला. मी तो आता पाठ केला आहे. ‘वितरणप्रक्रियेतील मानवी हस्तक्षेप न्यूनतम करण्याच्या दृष्टीने पूर्वपडताळणीचा टप्पा वगळणे व तदनुषंगिक भूमिका समाप्त करणे.’ जावईबापू, वाक्यरचना निर्दोष आहे. एकही चूक नाही. चाळीस वर्षं मी लोकांचं अक्षर नि अक्षर वाचलं, आणि त्या दुपारी हे वाक्य वाचलं नाही. पहिले तीन शब्द बघितले, म्हटलं असेल काहीतरी कार्यालयीन. आणि दाबलं. दोनशे बारा वेळा. पावणेदोन तास माझ्यासमोर ते वाक्य होतं, बरं का. प्रत्येक वेळी नव्याने उघडत होतं. दोनशे बारा वेळा मला ते वाचायची संधी मिळाली.

सोमवारी सकाळी ताई नेहमीप्रमाणे आल्या. मोबाईल माझ्यापुढे धरला. “भाऊ, हे काय म्हणतंय बघा हो, आज चष्मा घरी राहिला.” मी वाचलं. मोठ्याने वाचलं, सवयच आहे. ‘आपली भूमिका समाप्त झाली आहे. आपल्या योगदानाबद्दल संस्था ऋणी आहे.’ वाचून होईपर्यंत मला कळलं नव्हतं. ऋणी शब्दावर कळलं.

मला वाटलं ताई रडतील, ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवीतून गोदामाची चावी काढून माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाल्या, “दोन नंबरच्या खाटेचं हँडल घट्ट फिरतंय. कोणाला तरी तेल घालायला सांगा.” आणि गेल्या. मी त्यांना थांबवलं नाही. काय सांगून थांबवणार होतो? की तुम्हाला काढायचा निर्णय दोनशे बारा जणांनी घेतला, आणि ते सगळे या खणात आहेत?

मी जावईबापूंकडे गेलो. म्हटलं, चूक झाली, खोडा. ते शांतपणे म्हणाले, “काका, खोडता येत नाही, तेच तर तिचं वैशिष्ट्य आहे.” बरोबर आहे. मीच त्याला अनुमोदन दिलं होतं.

शेवटच्या रांगेमागे एक गृहस्थ उभे आहेत. निळा शर्ट. ते फरशी बसवायचं काम करतात. ते आपले सभासद नाहीत, म्हणून त्यांना पाकीट नाही, मत नाही आणि आज खुर्चीही मिळालेली दिसत नाही. ज्यांना खाट लागते त्यांना आपल्या या लोकशाहीत मत नाही, हे दीड वर्षात आपल्यापैकी कोणाच्या लक्षात आलं का? माझ्याही नाही आलं. देणारे ठरवणार, घेणाऱ्याने आभार मानायचे.

यांच्या आईचं मांडीचं हाड मोडलं. यांनी खाट मागितली. अर्ज मंजूर झाला, दोनशे बारा होकार. टेम्पो खाट घेऊन गेला. घराचं दार तीस इंच, खाट छत्तीस. आपल्या खाटेच्या बाजूच्या दांड्या चौदा नंबरच्या पान्याने उतरवल्या की ती साडेएकोणतीस होते, हे जगात एकाच व्यक्तीला ठाऊक होतं आणि तिची भूमिका समाप्त झाली होती. टेम्पोवाल्याने खाट दाराबाहेर बोळात उभी केली, तिचा फोटो काढला, मोबाईलवर ‘पोचली’ दाबलं आणि गेला. आपल्या खोडता न येणाऱ्या वहीत नोंद आहे, ‘वितरण यशस्वी’. आजही आहे. कायम राहील.

यांनी फोन केला. उत्तर मिळालं, की बदल हवा असेल तर नवा ठराव मांडा. पण ठराव सभासदच मांडू शकतो. ते माझ्याकडे आले. मी ठराव मांडला आणि त्याच दिवशी भाच्याच्या लग्नाला परगावी गेलो. वही खणात, खणाला कुलूप. अठ्ठेचाळीस तासांत मतं पडली सव्वीस. ठराव रद्द. मग नियमाप्रमाणे पुन्हा मांडायला पाच दिवस थांबायचं. आपल्या संस्थेची सार्वभौम इच्छाशक्ती त्या आठवड्यात मांडवात बसून पंगती बघत होती.

नऊ दिवस ती म्हातारी बाई जमिनीवर, सतरंजीवर होती. दाराबाहेर खाट. यांनी मला नंतर सांगितलं, “काका, आई पडल्या पडल्या विचारायची, ती बाहेर उभी आहे ती कोणाची रे? म्हटलं, तुझीच.” तिच्या पाठीला जखमा झाल्या. मी बघून आलो आहे. तुम्हाला सांगत नाही, बाहेर चहा ठेवला आहे. पण मला तो वास अजून येतो, आणि तेव्हापासून माझा हा अंगठा मला स्वतःचा वाटत नाही.

नवव्या दिवशी हे ताईंच्या घरी गेले. ताई निघाल्या, पिशवी घेऊन. वीस मिनिटांत खाट आत, आणि आई खाटेवर. दुसऱ्या दिवशी ताईंना मोबाईलवर नोटीस, आपोआप गेलेली. ‘संस्थेच्या साहित्याची अनधिकृत हाताळणी.’ आणि त्याच्या आठच दिवसांनी निरोप समारंभाचं निमंत्रण, तेही आपोआप. शाल, श्रीफळ नाही, एक चौकट आहे. तिच्यात काळ्या चौकोनांची नक्षी. मोबाईल धरला की त्यात ताईंचं मानपत्र दिसतं म्हणे. ताईंनी मघाशी मला हळूच विचारलं, “हे पुसायला ओलं फडकं चालतं का?”

मंडळी, मला शिसारी आली आहे. तुम्ही म्हणाल, यंत्राची. नाही. ती वही बिचारी खोटं बोलत नाही. तिला जे सांगितलं ते तिने लिहिलं. पूर्वी व्याह्यांची चादर वाळत होती, तेव्हा निदान लाज लपवायला छताकडे बघावं लागत होतं. आता तेही नको, सगळं ‘आपण सर्वांनी’ ठरवलेलं. मला शिसारी येते ती आपल्या कोऱ्या कागदावरच्या सहीची. तो कागद गेला, मोबाईल आला, आणि ती सही जिवंत राहिली. उद्या याहून चांगलं यंत्र आलं तर आपण त्यातही आधी हेच विचारू, की माझ्या वतीने कोण दाबेल? आणि सगळ्यात जास्त शिसारी मला माझी येते. तुम्ही निदान वाचलं नाहीत. मी वाचण्याच्या जागी बसून वाचलं नाही.

सहा वाजून सव्वीस मिनिटं. आता साडेसहाचं सांगतो.

परवा संध्याकाळी साडेसहाला मी ठराव क्रमांक चौऱ्याहत्तर मांडला. साध्या भाषेत आहे. ‘साहित्य देण्याआधी घर बघून यायचं, आणि ते काम ताईंनी करायचं.’ त्याची मुदत अजून चार मिनिटं आहे. दोनशे चार मतं हवीत. ठराव मांडला आणि वही पिशवीत घालून मी ताईंच्या घरी गेलो. म्हटलं, “ताई, काळजी करू नका, उद्या दुपारपर्यंत तुम्ही परत.” त्यांनी वहीकडे बघितलं. म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या अंगठ्याने गेले, तुमच्याच अंगठ्याने परत येऊ? उद्या तुम्ही पुन्हा लग्नाला गेलात तर? माणसं म्हणाली तर येते.”

मी घरी आलो आणि पट्टी लावून वहीचं पान न् पान फाडलं. जे येणार नव्हते त्यांचे शब्द पोस्टाने पाठवले. जे येणार होते त्यांचे या पाकिटांत आहेत. सभागृहात एकशे साठ पाकिटं आहेत. पाकीट फोडा, मोबाईल काढा, होय म्हणा किंवा नाही म्हणा. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी मागे माझी सून उभी आहे. ती दाखवेल. दाबणार नाही, मी तिला शपथ घातली आहे. मी माझं एक मत दिलं आहे. एकच.

मी चार मिनिटं गप्प बसतो. भाषणात गप्प बसण्याची प्रथा नाही, पण घ्या सांभाळून.

…

साडेसहा.

एकतीस मतं.

मी भाषणाला उभा राहिलो तेव्हा चौदा होती. म्हणजे या चार मिनिटांत सतरा जणांनी पाकीट फोडलं असावं. त्या सतरा जणांना माझा नमस्कार. बाकीच्यांपैकी दोघांना मी सुनेच्या हातात पाकीट देऊन ‘तूच बघ’ म्हणताना पाहिलं. ते लेटरहेडवाले न्यायाधीश पाकीट खिशात ठेवून मला खुणेने सांगताहेत की घरी गेल्यावर करतो. साहेब, मुदत संपली. ठराव क्रमांक चौऱ्याहत्तर गणसंख्येअभावी रद्द. तशी नोंद झाली, आणि ती खोडता येणार नाही. पूर्वीसारखं असतं तर मी अर्धा तास सभा तहकूब केली असती. पण अर्ध्या तासाने तरी समोर कोण असणार होतं?

ताई, तुम्ही उठलात? बसा ना, आभार व्हायचे आहेत.

क्षमा करा मंडळी, ताई काही म्हणताहेत. त्यांना ध्वनिक्षेपक नको आहे, मी सांगतो. त्या म्हणताहेत, “भाऊ, चावी आहे का खिशात? या फरशीवाल्यांच्या शेजारीण बाईंना खुर्ची हवी आहे. उजेड आहे तोवर दार बघून येते.”

अध्यक्षसाहेब हातवारे करताहेत, आणि जावईबापू सांगताहेत की अधिकार नाही. नाहीच आहे. ठराव आत्ताच रद्द झाला, तुमच्यासमोर. पण गोदामाचं कुलूप साधं आहे, जावईबापू, ते कोणाला मत विचारत नाही. घ्या ताई. हे मी पुन्हा एकट्यानेच करतो आहे, हे मला कळतं. फरक एवढाच की या वेळी माझं नाव लावून करतो आहे. उद्या मला काढायचा ठराव मांडा. पाकिटं तुमच्याकडेच आहेत, निदान त्यासाठी तरी फोडा.

सत्कारमूर्ती गेल्या. चौकट खुर्चीवरच राहिली. ती टेबलावर पारितोषिकाशेजारी ठेवावी, जोडी शोभेल.

आता आभार. अध्यक्षांनी वेळ दिला, पाहुणे लांबून आले, पंखेवाल्याने दोन तरी पंखे चालू ठेवले, सर्वांचे आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर चूकभूल द्यावी घ्यावी, असं म्हणून खाली बसायची आपली रीत आहे. पण आपली नवी वही चूकभूल देत नाही आणि घेतही नाही. म्हणून ती मी तुमच्याकडे मागत नाही. जिच्याकडे मागायची ती म्हातारी बाई बोळातल्या घरात आपल्या खाटेवर आहे, आणि तिला मत नाही.

शेवटची एक सूचना. ताई आज आल्या तेव्हा दाराशी थांबून राहिल्या, आणि तुमच्यापैकी कोणीतरी म्हणालं की बाई स्वागताची वाट बघताहेत. त्या दार मोजत होत्या. या सभागृहाच्या दाराची एक झडप गंजून बसली आहे. जी उघडते ती चोवीस इंच आहे. आपली सगळ्यात अरुंद चाकाची खुर्ची पंचवीस इंचांची. हे सभागृह आपण ठराव क्रमांक त्र्याहत्तरने, फोटो बघून निवडलं, दोनशे बारा होकारांनी. म्हणून ताईंना निरोप द्यायला आलेले तिघं, आपल्याच चाकांच्या खुर्च्यांत बसून, दोन तास व्हरांड्यात कर्ण्यावर ऐकत आहेत. चहा तिथेच आहे. बाहेर पडताना एकेकाने पडा, आणि पहिला कप त्यांना द्या.